माझं नाव टाकलेलं ताट

मी बी.एस्सी. झालो तो कौसल्याआत्यामुळे; लहानपणापासून तिच्याकडेच वाढलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. डॉक्टरांनी "टीबी है" असं सांगितलं तेव्हाही आत्याच शेजारी होती. तिने माझा हात धरला होता. तो तिने हळूच सोडला.

त्याआधी पंधरा दिवस संध्याकाळी ताप यायचा, श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली टोचायचं. एक्सरेत प्ल्युरल इफ्यूजन निघालं, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी. पाठीतून सुई घालून ते काढलं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, दुखतं कमी, भीतीच जास्त. गोळ्यांनी लघवी नारंगी होते, तिलाही घाबरू नका.

घरी सोडताना डॉक्टरांनी आत्याला समजावलं, "इनके बलगम में कीटाणु नहीं मिले. और बर्तन से तो कोई टीबी नहीं फैलती. साथ बिठाकर खिलाइए." थुंकीत जंतू नाहीत हे ऐकून आत्याने मान डोलावली.

मी पास झालो तेव्हा तिने सिव्हिक सेंटरच्या बाजारातून स्टीलचं ताट आणून त्यावर माझं नाव टाकून घेतलं होतं, पुढे बी.एस्सी. सुद्धा. दवाखान्यातून कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ च्या आमच्या क्वार्टरमध्ये आलो तर ते ताट मोरीत, एकटंच. जेवायला दाराशी बसवलं. पोळी वरून टाकली. पाणीही वरूनच, तांब्या ग्लासाला लागू न देता.

"लोकं बोलून राहिले रे बाबू," ती म्हणाली. "काही दिवस असंच राहू दे."

गावच्या विहिरीवर लहानपणी जातीपायी तिला असंच वरून पाणी ओतत. हे तिनेच मला रडत सांगितलं होतं. जयंतीच्या सभेत समतेवर टाळ्या वाजवणारी आमची माणसं! एक शेजारीण माझ्या आजाराला मागच्या जन्माचं पाप म्हणाली, आत्याने तिला चहा दिला. मला सगळ्यांची किळस आली. स्वतःची जास्त, कारण उपकार आठवून मी पाच दिवस खाली मान घालून जेवलो.

सहाव्या दिवशी वैशाली नगरला मित्राच्या खोलीवर गेलो.

खोकला असेल तर मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. ताट कशाला वेगळं? मानाने जेवणं ही देवाची कृपा नाही आणि घरच्यांची मेहरबानीही नाही. माणूस म्हणून जन्मलो, एवढ्यावरच तो हक्क मिळतो. जात, धर्म किंवा थुंकीचा रिपोर्ट पाहून तो काढून घेता येत नाही.

सहा महिन्यांनी गोळ्या संपल्या. घरी ये म्हणून आत्याचे निरोप येत होते. फोनवर तिच्यापुढे तोंड उघडलं नसतं, म्हणून लिहिलं:

"आत्या, तू माह्याच पहिलीच्या पुस्तकावर वाचायले शिकली, म्हणून लिहून राहिलो. तू नसती तर मी शिकलो नसतो, हे मरेपर्यंत विसरणार नाही. पण ते वरून टाकलेलं जेवणही विसरलो नाही. विहिरीवर तुले जसं वाटलं, तसंच मले वाटलं. रविवारी येतो. माहं नाव टाकलेलं ताट तू घे. मले तुह्या ताटात वाढ. जमत नसेल तर तसं कळव. राग धरणार नाही, पण येणारही नाही."