उचलील तो वाहील

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. पिरंगुटला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. कंपनीत दिवसभर खोकी उचलणारी पोरं, भातलावणीत वाकून कंबर धरलेल्या बायका, हे माझे पेशंट. त्यात एखादी सासू हळूच कानाशी लागते, "म्याडम, सुनंला भायेरचं झालंय." मी तोंडावर सांगते, बाहेरचं काही नाही, मणका आहे, एक्स-रे काढून आणा. आणि आजवर प्रत्येक वेळी मणकाच निघाला आहे. म्हणून हे लिहिताना हात अडखळतोय.

निलेश माझा धाकटा भाऊ. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. पुरातत्त्व शिकला, आणि गेल्या हिवाळ्यात भरे गावाच्या वरच्या अंगाला एका छोट्या उत्खननावर लागला. देहयष्टी म्हणाल तर काडीपैलवान! मी त्याला म्हणायचे, "नील्या, कुदळ तू उचलतोस की कुदळ तुला?" तो हसायचा. मातीत खापराचा एवढासा तुकडा मिळाला तरी फोन करून नाचणारा मुलगा.

एका रविवारी क्लिनिक बंद, म्हणून मी त्याचा डबा घेऊन गेले होते. खड्ड्यात दगड निघाला होता. दोन हात लांब, वर चंद्र-सूर्य आणि खाली झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. ज्यांच्या शेतात खणत होते ते अप्पा कडेला बसून कौतुकाने बघत होते, आणि गावातली मंडळी नारळ-शेंदूर घेऊन वर यायला निघाली होती. खणणाऱ्या लोकांना चोरापेक्षा शेंदराची भीती. तेल-शेंदूर एकदा अक्षरांत बसला की कागदावर ठसा निघत नाही. उत्खननाचे प्रमुख साहेब पुण्यात होते, त्यांनी फोनवरून सांगितलं, लोक पोहोचायच्या आत दगड गाडीत घाला.

गाडी खाली रस्त्यावर, मध्ये सगळी भातखाचरं. मग दोन बांबू घेतले, आडव्या दोऱ्या बांधल्या, पोती अंथरली, वर दगड ठेवला. निलेश, ड्रायव्हर आणि दोन मजूर, असे चौघे खांद्यावर घेऊन निघाले, मागून मी आणि अप्पा.

अप्पा ओरडले, "आरं पोरांनो, तिरडीगत काय नेताय त्यो दगूड!"

"अप्पा, मयत कोण ते तरी सांगा की," निलेश हसत म्हणाला.

अर्ध्या वाटेवर चौघांना धाप लागली आणि त्यांनी ओझं खाली टेकवलं. मजुरांतला दत्तू म्हणजे गावातल्या प्रत्येक मयताला सगळ्यात पुढे असणारा माणूस. सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "चला, खांदा बदला." आणि पुढचे दोघं मागे गेले, मागचे पुढे आले. कुणी विचारसुद्धा केला नाही. स्मशानाच्या वाटेवर विसाव्याला तिरडी टेकवतात तेव्हा हेच करतात, हे मलाही अप्पांचा चेहरा बघून आठवलं. ते पुटपुटले, "इसावा झाला. आता ह्ये कुनाचं म्हनायचं?"

मी मनात म्हटलं, झालं यांचं सुरू.

गाडीपाशी दगड उतरवला. बांबू काढले. तिघे पाणी प्यायला लागले आणि निलेश तसाच उभा, उजवा खांदा दाबून, मान वाकडी करून.

"काय रे, मुरगळला का?"

"ताई," तो म्हणाला, "अजून आहे गं खांद्यावर."

मी त्याला क्लिनिकमध्ये आणलं. शेक दिला, टेप लावली, दटावलं की दोन दिवसांत ठीक होशील, नाटकं करू नकोस. पण दोन दिवसांनी खांदा आणखी खाली. खांद्यावर बांबूच्या जाडीचा वळ, तो जाईना. हात लावला तर स्नायू असा ताठ, जसा फक्त ओझं उचललेल्या माणसाचा असतो. आणि हा कॉटवर पडलेला! एमआरआय केला, स्वच्छ. पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट करून बघितले आणि मानसिक ताण असेल म्हणून सांगितलं.

मीही तेच धरून बसले असते. पण एकदा सहज त्याला वजनकाट्यावर उभं केलं, आणि काट्याने एखाद्या पैलवानाचं वजन दाखवलं. मी स्वतः उभी राहिले, माझं बरोबर. पुन्हा तो, पुन्हा तेच. मी चिडले, काटा बदलला. शेवटी बाजारातल्या धान्याच्या दुकानात मोठ्या काट्यावर नेऊन उभं केलं. दुकानदार हसायला लागला, "म्याडम, खिशात काय दगडं भरल्यात का भावाच्या?" मला रडू आलं. भर दुकानात, अगदी लहान मुलीसारखी रडले मी.

मग साहेबांचा फोन आला. ठशावरून वाचन झालं होतं. अर्थ एवढाच: 'येथे उतरविले आहे. उचलील तो वाहील.' काय उतरवलं, कुणी उतरवलं, ती ओळच फुटलेली. साहेबांच्या आवाजात इतका आनंद होता की निलेशचं सांगायला माझी जीभ रेटेना. नंतर सांगितलं. दगड परत नेऊन ठेवा म्हटलं, तर तो सरकारी गोदामात सीलबंद. खड्डा नियमाप्रमाणे बुजवलेला. आणि खरं सांगू का, वाचन कळल्यापासून तो दगड उचलायला कुणी तयारच नाही.

अप्पांनी मात्र मनावर घेतलं. त्या तिघांना गोळा केलं, तेच बांबू आणले. रिकामे बांबू चौघांनी खांद्यावर घेतले आणि उलट्या वाटेने, विसाव्यापासून बुजवलेल्या खड्ड्यापर्यंत नेले. अप्पा म्हणाले, "हितं उतरवा. मागं बगू नगा." तिघांनी बांबू खाली ठेवले आणि वळले. निलेशनेही ठेवला. बांबू जमिनीवर पडला होता आणि हा अजून वाकलेलाच. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "लई वंगाळ झालं गं पोरी," एवढंच बोलले.

तिघांना आजवर काहीही झालेलं नाही. उचलला तर चौघांनी होता. मग यालाच का? मला माहीत नाही.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. एका सकाळी क्लिनिकमध्ये आम्ही दोघंच होतो. तो भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले, माझा खांदा त्याच्या खांद्याला लावला आणि म्हटलं, "दे. आता मी घेते." बायका खांदा देत नाहीत म्हणे. म्हणू देत.

त्याचा खांदा वर आला. खरंच आला, कितीतरी दिवसांनी त्याची मान सरळ झाली. आणि माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं... गार, ओलसर, मातीतून आत्ताच काढलेलं.

निलेशने मला जोरात बाजूला ढकललं. मी फरशीवर पडले. वर बघितलं तर तो पुन्हा वाकलेला होता.

"परत असं केलंस तर मी घर सोडून जाईन," तो म्हणाला. माझ्या खांद्यावरचा वळ जायला बरेच दिवस लागले.

आता तो माझ्याकडेच असतो. आडवं होता येत नाही, बसूनच झोपतो. वजन वाढतंय, म्हणून मी काट्याची बॅटरी काढून ठेवलीय. बुवा, मांत्रिक, पूजा, सगळं करून झालं. हो, मी केलं! तेव्हा कृपा करून कुणी पत्ते सुचवू नका. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं घडलं असेल तर तेवढं सांगा.

परवा चहा पिताना तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी गेलो की मला कुणाला उचलू देऊ नकोस. उचलील त्याला वाहावं लागेल."

मी म्हटलं, "गप्प बस. मी आहे ना."

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला.

मी त्याचा कप उचलून आत गेले. बाहेर पेशंट थांबले होते.