बुसैतीनची हिरवी सायकल

बहरैनला लोक नोकरीसाठी जातात, नाहीतर सखीरला मोटारींची शर्यत बघायला. मी सायकल आणायला गेलो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तसं सांगितल्यावर त्याने पासपोर्टवरचा फोटो पुन्हा नीट पाहिला.

धाकटा भाऊ मिलिंद तिथे एसी टेक्निशियन आहे. त्यानेच फोटो पाठवला होता. जुनी अमेरिकन स्ट्रीमलाइन सायकल: मोटारसायकलसारखी दिसावी म्हणून दांड्यांमध्ये पत्र्याची खोटी टाकी, फुगीर टायर, निमुळते मडगार्ड. माझ्या संग्रहात अशी नाही. नाशिकात कुणाकडेच नाही, हेही मी चौकशी करून ठेवलं होतं.

गुदैबियात मिलिंदच्या खोलीवर पोहे खाल्ले. त्याने विमानात सायकलचं बुकिंगसुद्धा करून ठेवलं होतं. मग "यल्ला (चला)" म्हणत तो मला बुसैतीनला घेऊन गेला.

सायकलचे मालक अबू जासिम सत्त्याहत्तर वर्षांचे. व्यापारानिमित्त मुंबईला जाऊन-येऊन असल्याने हिंदी बोलत. त्यांचे वडील एका अमेरिकन साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेब मायदेशी परतताना सायकल त्यांना देऊन गेला.

"ले जाओ. मुझे क्या काम?" अबू जासिम म्हणाले.

त्यांची मुलगी मरियम मला बाजूला घेऊन म्हणाली, आई गेल्यापासून दोन वर्षं हे मशिदीपलीकडे कुठे गेलेले नाहीत.

सौदा ठरला होता. सायकल उचलून निघायला हवं होतं. पण चालवून पाहिल्याशिवाय मी सायकल घेत नाही. नाशिकहून आणलेले टायर-ट्यूब चढवले, साखळीला तेल दिलं. यात दोन तास गेले.

"ब्रेक किधर है?" मी विचारलं.

"पेडल उलटा मारो," म्हणत ते दाखवायला बसले. थोब (पायघोळ झगा) गुडघ्यापर्यंत खोचला आणि गल्लीच्या टोकाला वळून दिसेनासे झाले.

वीस मिनिटं झाली. मरियमने फोन लावला. तो घरातच वाजला. आम्ही गाडी काढली.

ते समुद्राकाठी सापडले. चार म्हाताऱ्या कोळ्यांत बसून करक (दुधाचा दाट चहा) पीत काहीतरी रंगवून सांगत होते. मरियम रागवायला म्हणून उतरली, पण तिला रडूच आलं. मी समुद्र पाहत राहिलो. लाटा नव्हत्या.

अबू जासिमनी सायकल माझ्यापुढे आणून उभी केली. "जबान दी है. ले जाओ." हात मात्र हँडलवरच होता.

"विमानवाले नहीं लेंगे," मी म्हणालो. "वजन ज्यादा है."

"अरे दादा, पण आपलं बुकिंग…" मिलिंद सुरू झाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"मफी (नाही)?" अबू जासिमनी विचारलं.

"मफी."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आम्ही गाडीत बसेपर्यंत ते निघालेसुद्धा होते.

परतीच्या प्रवासात मी स्वतःवर चिडून होतो. खोटं बोलल्याबद्दल नव्हे. ती सायकल आधी खोक्यात भरली असती, तर आज माझी असती. आणि अबू जासिम घरात असते. हा हिशेब मुंबई येईपर्यंत काही मला माझ्या बाजूने लावता आला नाही.

नाशिकला बायकोने दारातच विचारलं, "सायकल कुठाय?"

"तिकडेच. चालतेय."

"मग तुम्ही इतके दिवस तिथे केलंत काय?"

"दुरुस्ती," मी म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो.