हलवून घ्या

बाळांनो, पुढच्या मंगळवारी माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. काल फोनवर तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, "आजी, खूप दुखेल का गं?" त्याचं नीट उत्तर द्यायचं तर इथे धारूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या कंपाउंडरांबद्दल सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

हलवल्याशिवाय जगातली कुठलीच वस्तू घेऊ नये, असं मानणारा एवढा एकच माणूस मी पाहिला. चाळीस वर्षं दवाखान्यात बाटल्या भरताना "हलवून घ्या" म्हणून म्हणून ते त्यांच्या हाडात मुरलं होतं. चहाचा कप हलवत, ताकाचा गडू हलवत, वर्तमानपत्रसुद्धा दोनदा झटकल्याशिवाय उघडत नसत. लग्नकार्यात नमस्काराआधी समोरच्याला जीभ दाखवायला लावत. एकदा तर बोहल्यावरच्या नवरदेवाची जीभ तपासून त्यांनी वधूपित्याला सांगितलं, "पोट साफ न्हाई, बाकी पोरगं लई गुणाचं हाय." त्यांची खरी कला मात्र बाटलीवरच्या कागदी पट्टीत होती. कागद दुमडून कात्रीने सारख्या खाचा पाडायच्या आणि खळीने पट्टी बाटलीवर चिकटवायची. एक खाच, एक डोस. अख्ख्या गावाला त्यांनी या खाचांवर बरं केलं, पण स्वतः औषध घ्यायची वेळ आली की हाच माणूस फौजदारासारखा संशय घ्यायचा.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या आतड्याला पीळ पडला आणि बीडला पोट उघडावं लागलं. शस्त्रक्रिया छान झाली. पण तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर हे पोट धरून लाकडासारखे पडलेले. उठायचं नाव नाही, खोकायचं नाव नाही, अंगात ताप. तरुण डॉक्टरीणबाई काळजीत होत्या. "छातीत कफ साठायला लागलाय. आज खोकले नाहीत, चालले नाहीत, तर न्यूमोनिया होईल. एवढी औषधं देऊन यांना इतकं दुखतंय कसं?"

मी वर्तमानपत्र वाचून दाखवावं म्हणून त्यांचं चष्म्याचं घर उघडलं. आत चष्मा नव्हता, गोळ्या होत्या.

"हे काय?"

"तपास चाललाय, बाई. एका टायमाला एकच गोळी. समद्या संगं गिळल्यावर आराम कोनत्या गोळीनं पडला, कळंल कसं?"

त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला. "आवो, तपास पुरा हुईस्तोवर मानूस ऱ्हायला पायजे ना!"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. प्रत्येक औषध वेदनेला वेगळ्या वाटेवर अडवतं. थोडं थोडं मिळून दिलं की गुंगीचं जबर औषध कमी लागतं, आतडी लवकर जागी होतात, माणूस लवकर पायावर उभा राहतो. कंपाउंडरांनी चष्म्याचं घर उशीखाली सरकवलं. शेवटी मीच विचारलं, "तुमच्या त्या गुलाबी मिक्श्चरमध्ये किती औषधं असायची हो?"

"चार."

"मग लोकांना आराम कोणत्या औषधानं पडायचा?"

"बाई, पेचात धरलं तुमी," ते म्हणाले आणि कागद-कात्री मागितली. पडल्या पडल्याच पट्टी कापून त्यांनी ती पाण्याच्या बाटलीवर लावायला दिली. प्रत्येक डोसला एका खाचेएवढं पाणी. नर्सने वाटीत सगळ्या गोळ्या आणल्या, तेव्हा हात पुढे करून म्हणाले, "आना. पर आधी हलवा." त्या बिचारीने न हसता वाटी हलवली.

संध्याकाळी पोटाशी उशी घट्ट धरून ते खोकले आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालले. वाटेत दोन पेशंटांच्या जिभाही बघितल्या.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. आता सकाळी शेजारून वर्तमानपत्र झटकल्याचा आवाज येत नाही, आणि माझा चहा उगाच गार होतो. तर बाळांनो, दुखेल, पण सोसवेल इतकंच. मी सगळ्या गोळ्या वेळेवर, एकत्र घेणार आहे. दवाखान्यात न्यायच्या पिशवीत त्यांची ती बाटली ठेवली आहे, त्यांच्या बायकोनेच दिली. पट्टी अजून चिकटून आहे. चार खाचा आहेत, चौथी जराशी वाकडी.