धुराच्या मागावर: वाशी, महापे, खांदेश्वर

सुचेता मॅडमनी माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि माझं आयुष्य बदललं. वाशीच्या सिग्नलला राज्य सरकारची धूर तपासणी चालू होती आणि मॅडम तिथल्या अधिकारी. मीटरचा काटा जो चढला तो खाली यायला तयार नव्हता.

"फेल. आठवड्यात दुरुस्त करून दाखवा."

"मीच दिसलो का? महाप्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांना कोण नळी घालतं?" मी तापलो. केमिस्ट्रीच्या सरांशी वाजलं म्हणून कॉलेज अर्ध्यावर सोडलेला माणूस मी, इथं काय गप्प बसणार?

"आम्हीच घालतो. उद्या तिकडेच चाललोय. साक्षीला बाहेरचा पंच लागतो. येता?"

रागाच्या भरात हो म्हणालो. घरी येईपर्यंत राग गेला होता, मॅडम तेवढ्या डोक्यात राहिल्या होत्या.

सकाळी मी नेहमीसारखी खाली स्कूटर चालू केली, आईनं नेहमीसारखी वरून खिडकी लावली. मॅडमच्या ऑफिसपाशी पोचलो तर त्या म्हणाल्या, "ती इथंच ठेवा. जीपमागून धूर सोडत येऊ नका."

तुम्हाला महाप्याला जायचं असेल तर वाशीहून बस मिळते, तिकीट सुट्ट्या पैशांत भागतं. ठाणे-बेलापूर रोडवर रुमाल मात्र हाताशी ठेवा. कारखाना बदलला की वास बदलतो. नाक्यावरच्या टपरीत मिसळ झणझणीत मिळते. मी दोन प्लेट हाणल्या. मॅडमनी एक, पण रस्सा तीनदा मागून.

कारखान्याच्या गेटवर म्हातारा वॉचमन आडवा आला. "आदी च्या घ्या, मॅडम. पानी ठेवलंय. सायेब आतमदी हाय, येतील."

चहा संपेपर्यंत आत बॉयलर मंद करून धूर कमी करतात, हे मॅडमनी मला जीपमध्येच सांगितलं होतं. मी बाह्या सरसावल्या. मॅडम हसून म्हणाल्या, "घेऊ की, मामा. पण चिमणीखाली उभं राहून."

वॉचमनही हसला आणि वाटेतून बाजूला झाला. वर काळा लोट तसाच चालू होता. मॅनेजर धावत आला. "मॅडम, नेमकं आजच..."

"रोजच नेमकं आजच असतं काय रे?" मी ओरडलो.

"पंचांनी फक्त बघायचं," मॅडम म्हणाल्या.

मग मी बघत राहिलो. मधूनमधून चिमणीकडेही.

नमुना घेतला, नोटीस दिली, मी सही ठोकली आणि आम्ही खांदेश्वरला निघालो. खारघरचे डोंगर मागे पडले की हवा मोकळी वाटते. वाटते, एवढंच. तिथल्या एका सोसायटीच्या गच्चीवर सरकारचं यंत्र होतं: पत्र्याची पेटी, आत पांढरा कागद, त्यातून दिवसरात्र हवा ओढली जाते. पेटीभोवती एका काकूंनी उडदाचे पापड वाळत घातले होते.

"हे मशीन धूळ ओढतं ना? मग पापडावर बसत नाही. अजून दोन ठेवा की," काकू म्हणाल्या.

"काकू, हे फक्त मोजतं."

"मग सरकार करतं काय?"

मॅडमनी कालचा कागद काढून दाखवला. राखाडी. काकूंनी कागदाकडे बघितलं, मग पापडांकडे.

"सकाळी एका चिमणीला नोटीस दिली," मॅडम म्हणाल्या. "आणि काल याला."

"तू पण धूर सोडतोस?"

"सोडतो, काकू. आठवडाभर अजून."

परतताना मॅडमनी विचारलं, "पेट्रोलमध्ये ऑईल किती घालता?"

"अंदाजे. थोडं जास्तच. इंजिन सुखात राहावं म्हणून."

"इंजिन सुखात, बाकीचे खोकतात. मापात घाला आणि प्लग बदला."

मी धीर केला. "पास झालो तर चहाला याल?"

"तुमच्या स्कूटरवर बसून येईन. आधी मीटर काय म्हणतो ते बघू."

घरी आल्यावर शर्टाला चिमणीचा वास होता. तो धुतल्यावर गेला. तो राखाडी कागद काही डोळ्यांसमोरून जाईना. दुसऱ्याच दिवशी मेकॅनिककडे गेलो. त्यानं प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, मी ऑईल मापानं घातलं.

आज फेरतपासणी. इस्त्रीचा शर्ट घालून किल्ली उचलली तसा आईचा हात खिडकीकडे गेला.

"राहू दे," मी म्हणालो. "आज उघडीच राहू दे."

आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.