कुठल्याच प्रजातीत न बसलेला किडा

वसंता गेल्याचं त्याच्या बहिणीने फोनवर सांगितलं. "झोपेतच गेला रे दादा," म्हणाली. मला रडू आलं नाही, रागच आला. काम अर्धवट टाकून गेला...

लालबागच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. दोघांचे वडील एकाच मिलमध्ये. संपात मिलला लागलेलं टाळं पुन्हा निघालंच नाही. वसंता पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागला. मिलच्या आवारात रान माजलं होतं. लोक भिंतीच्या भगदाडातून शिरून भंगार लांबवायचे आणि हा शहाणा रानभेंडीवरचे किडे! तिथेच त्याला तो सापडला. तिळाएवढा, करडा, पानांचा रस पिणारा. पाठीवरची लव आणि मिशांची ठेवण पाहून वसंता म्हणाला, हा आजवरच्या कुठल्याच प्रजातीत बसत नाही, याच्यासाठी नवी प्रजाती करावी लागेल. तज्ज्ञांनी कळवलं, तुमच्याकडे नुसते नर आहेत, मादी पाहिल्याशिवाय मान्य करता येणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याला पिल्लं मिळाली. त्यांतून माद्या निघतील म्हणून त्याने ती पाल्यासकट बरणीत घालून घरी ठेवली. चाळीतल्या बाईला ढेकूण दिसला की ती काय करते, हे तो विसरलाच. आईने बरणीत उकळतं पाणी ओतलं. "मेल्या, घरात ढेकूण पाळतंस?" वसंताने बरणी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाला, "गण बरोबर ओळखलास, आई. ढेकूण आणि हा किडा, दोघे एकाच गणातले." आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. पुन्हा शोधायला गेला, तर आवारात बुलडोझर फिरत होता.

नंतर भोईवाडा, माझगाव, जिथे म्हणून झुडूप दिसेल तिथे तो वाकला. तो किडा पुन्हा मिळाला नाही. शेवटच्या भेटीत मी विचारलं, "नाव तरी काय ठरवलं होतंस?" म्हणाला, "सोड रे. न झालेल्या पोराचं बारसं करतात का?"

मिलच्या जागी आता टॉवर आहे. परवा त्याच्या कुंपणाशी, गटाराच्या कडेला, रानभेंडी दिसली. पान उलटलं, तर खाली तीन करडे किडे, तिळाएवढे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच की दुसरे, नर की मादी, मला काही म्हणता काही कळेना... हे सांगू शकणारा एकच माणूस होता, त्याला आम्ही महिन्यापूर्वी भोईवाड्याच्या स्मशानात पोहोचवून आलो.

"क्या ढूंढ रहे हो, चाचा?" वॉचमनने विचारलं.

"कुछ नहीं," म्हणालो, आणि पान सोडून दिलं.