बांधाच्या तोंडाशी लावलेली टोपली

काल सुनेनं ओट्याखाली झुरळांचं औषध मारलं. मी उठून बाहेर गेलो. तिला वाटलं, म्हाताऱ्याला वास सोसत नाही.

तो वास गडब गावातल्या आमच्या शेतातला. नव्वदच्या दशकातलं एक वर्ष, गणपती नुकतेच गेलेले. भाताला कीड लागली म्हणून पेणच्या दुकानातून औषध आणून मी दिवसभर फवारलं आणि संध्याकाळी पंप बांधाच्या तोंडाशी धुतला. शेताचं पाणी तिथूनच खाली उतरतं, आणि तिथेच आई मासे धरायला बांबूची टोपली लावायची. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मी पाहिलं आणि घरी आलो.

सकाळी टोपली काठोकाठ भरली होती. मळे, खवल्या असले शेतातले मासे, खेकडे. एकही हलत नव्हता. आई शेजारच्या काशीला हाक मारत होती, "ये गो, आज टोपलीत मावत नाय. तू पण ने."

दुकानदार म्हणाला होता, "माणसाला काय होत नाय." तरी जेवताना मी कालवणाला हात लावला नाही, चटणी-भाकरी खाल्ली.

दुपारी दोघी ओकून ओकून आडव्या झाल्या. आईनं दोष दिला कालवणातल्या खोबऱ्याला.

पुढे गावात घरोघरी फवारणीचे पंप आले आणि टोपलीत नुसता पाला येऊ लागला. "मासे वाट चुकले," आई म्हणायची, पण दर पावसात टोपली लावायची. जुनी कुजली की नवी मीच विणून द्यायचो.