मार्सेलिसला निघालेली ओढणी

गोदलीव देक्लर्क हट्टी बाई होती, हे बेल्जियममधलं आमचं सगळं ब्रूज गाव सांगेल. तिच्या सव्विसाव्या वर्षी नवरा कालव्यात बुडाला. तेव्हापासून मांडीवर विणकामाची उशी घेऊन दारात बसायचं, लाकडी रिळं खुळखुळवत लेस विणायची आणि एकुलत्या एक आमांदला वाढवायचं, एवढंच तिचं आयुष्य. त्या आमांदने ओस्टेंड बंदरातल्या खानावळीतली पोरगी पसंत केली, तेव्हा ही कडाडली, "त्या बयेला माझ्या हातची ओढणी मिळायची नाही!"

आमच्याकडे सासूने लेसची ओढणी दिली की होकार. नाही दिली, की ती सूनच नाही.

आमांद बायकोला घेऊन पार फ्रान्समधल्या मार्सेलिसच्या बंदरात गेला. वर्षभराने त्याचं पत्र आलं, ते फादर देमूलनारांनी वाचून दाखवलं. "आई, ऑगस्टमधल्या मेरीमातेच्या सणापर्यंत ओढणी आली तर आम्ही घरी येतो. नाही आली तर ब्युनोस आयर्सच्या जहाजात चढतो. पुन्हा तुला त्रास देणार नाही."

झालं, बाईचा सगळा हट्ट विरघळला. अकरा आठवडे मान मोडून तिने ओढणी विणली. पण पाठवायची कशी? सरहद्दीवरचे फ्रेंच शिपाई आमची लेस दिसली की हिसकावूनच घेत.

नेमका त्याच वेळी शेजारच्या बार्बेकडे होल्मग्रेन नावाचा स्वीडनचा लेखक उतरला होता. युरोपातली गावं बघत फिरायचं आणि त्यावर पुस्तक लिहायचं, हा त्याचा उद्योग.

"आता पॅरिस, मग लियाँ, मार्सेलिस, रोम," त्याने बोटांवर मोजून सांगितलं.

"अगं गोदलीव, साहेबाचं सामान कोण उघडतंय? दे की त्याच्याकडे!" बार्बे म्हणाली.

त्याने ओढणी टोपीत घडी करून ठेवली, पत्ता वहीत लिहून घेतला आणि छातीवर हात ठेवला. "बाई, मी स्वतः तुमच्या सुनेच्या डोक्यावर घालीन."

सण आला आणि गेला. गोदलीव रोज दुपारी वेशीपर्यंत जाऊन यायची. आमांद आला नाही, पत्रही नाही. थंडी पडली तशी ती सगळ्यांना सांगू लागली, "आमांदने ओढणी घेतली आणि गेला जहाजातून निघून. माझ्या पोटी दगड आला हो, दगड!" देवळात त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची, तीही तिने बंद केली. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "कोण आमांद?"

दोन वर्षांनी फादर काखेत पुस्तक घेऊन धावतच गल्लीत आले. होल्मग्रेनच्या प्रवासाचं फ्रेंच भाषांतर!

"गोदलीवबाई, तुम्ही छापून आलात!"

बायका उश्या घेऊन भोवती गोळा झाल्या. "आता हिला भेटायला राजा येणार बघा," बार्बेने टोमणा मारला. फादर आपल्या भाषेत सांगू लागले. कालवे आले, दारातली हट्टी बाई आली, ओढणी आली. गोदलीव चक्क लाजली. आणि पुढच्या पानावर फादरांची जीभ अडखळली.

"वाचा," ती म्हणाली.

"'लियाँला आल्प्सच्या बर्फाने मला हाक मारली. मार्सेलिस राहूनच गेलं. ती ओढणी आजही माझ्या खिडकीला आहे. सकाळचं ऊन तिच्यातून झिरपून येतं, तेव्हा मला ब्रूज आठवतं.'"

काय सुंदर लिहिलं होतं मेल्याने!

"आपण आमांदला लिहू, ब्युनोस आयर्सला," फादर चाचरत म्हणाले.

"कुठल्या पत्त्यावर, फादर?" गोदलीव म्हणाली. "दोन वर्षं मी त्याला दगड म्हणत्येय. आणि माझं लेकरू तिकडे मलाच दगड समजून बसलंय."

तिने रिळं उचलली, पण हात चालेनात. शेवटी बार्बेनेच तिच्या मांडीवरची उशी काढून घरात नेऊन ठेवली.